बागेचे कुंपण आणि मुका जीव

धर्माधर्माचे प्रश्न नेहमी रणांगणावर किंवा राजसभेतच उपस्थित होतात असे नाही. पुष्कळदा ते परसदारी, फुलझाडांच्या वाफ्यात, अगदी क्षुल्लक रूप घेऊन उभे राहतात. आणि क्षुल्लक दिसतात म्हणूनच त्यांचा विचार कोणी करीत नाही. शेजारपाजारची मांजरे आपल्या बागेत येऊन घाण करतात, त्यांचे काय करावे, हा असाच एक प्रश्न आहे. देवकार्याला वाहिलेल्या पत्रिकेत मांजरांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या वाफ्यातून सकाळी पूजेची फुले खुडावयाची, त्या वाफ्याच्या रक्षणासाठी आपण आदल्या रात्री काय केले, याचाही त्या पूजेशी संबंध पोहोचतो.

बडोद्यातील जुन्या वाड्यांत चौकाच्या मध्यभागी तुळशीवृंदावन असे आणि भोवती फरशी किंवा शेणाने सारवलेली जमीन. वृंदावन उंच चौथऱ्यावर असल्यामुळे आणि घरात माणसांचा राबता अखंड असल्यामुळे मांजराला तेथे उकरण्यासारखी मोकळी माती फारशी सापडत नसे. आता ते वाडे बरेचसे गेले. दांडिया बाजार व रावपुरा येथून उठून पुष्कळ कुटुंबे नव्या वसाहतींत राहावयास गेली आणि प्रत्येकाच्या घरापुढे चार हात जमीन आली. त्या जमिनीत जास्वंद, तगर, पारिजातक, गणपतीसाठी दूर्वा, स्वयंपाकघरासाठी कढीपत्ता आणि कोथिंबिरीचा एखादा वाफा, एवढा संसार बहुतेक घरी आढळतो. माती खणून, ढेकळे फोडून, भुसभुशीत करून त्यात धणे पेरावेत, आणि पहाटे पाहावे तो वाफा उकरलेला, धणे विखुरलेले आणि मध्येच दुर्गंधीचा ढीग! एकदा नव्हे, आठवड्यातून चार वेळा असे होऊ लागले म्हणजे शांत स्वभावाच्या गृहस्थाचाही हात दगडाकडे जातो. हा संताप खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही.

या बाबतीत लोकांचे दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, घर आमचे, जमीन आमची, कर आम्ही भरतो. मांजराला हाकला, मारा, पोत्यात घाला आणि विश्वामित्रीच्या पलीकडे सोडून या. दुसरा पक्ष म्हणतो, मुका जीव आहे, त्याला काय कळते, असू द्या. पहिल्या पक्षाला करुणेची आठवण नाही, हे उघड आहे. परंतु दुसरा पक्षही दिसतो तितका निर्दोष नाही. कारण ‘असू द्या’ म्हणणाऱ्याच्या अंगणात बहुधा फरशी असते, आणि घाण काढण्याचे काम दुसऱ्याच्या सुनेला किंवा मोलकरणीला करावे लागते. दुसऱ्याच्या श्रमावर केलेल्या दयेचे पुण्य आपल्या खाती जमा होत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम मांजराचा अपराध किती, ते पाहू. आपल्या घरांत वावरणाऱ्या मांजराचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील कोरड्या प्रदेशातले रानमांजर. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागून हे जनावर माणसाच्या वस्तीत आले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारीच मांजराचे दफन आढळले आणि ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या बेटावर मांजर मुळात नव्हते. म्हणजे माणसानेच त्याला नावेतून तेथे नेले असले पाहिजे. इतक्या दीर्घ सहवासातही त्याने आपला एक मूळ स्वभाव सोडलेला नाही. कोरडी, मऊ माती पाहावी, पंजाने खळगा करावा, विधी उरकावा आणि वर माती ओढावी, हा त्याचा शिरस्ता होय. आपला वास इतरांस लागू नये म्हणून ही काळजी तो घेतो, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्याला आपण मांजराचा घाणेरडेपणा म्हणतो, तो त्याच्या दृष्टीने टापटिपीचा आचार आहे. आपण वाफा जितका उत्तम तयार करावा, तितका तो त्याच्या कामास अधिक योग्य ठरतो!

शिवाय हद्द ही माणसाची कल्पना आहे. नगर भूमापनाच्या नकाशावरील रेघ मांजराला दिसत नाही. खरेदीखत त्याने वाचलेले नाही. ज्याला नियम कळू शकत नाही, त्याला नियम मोडल्याबद्दल शिक्षा देणे याला न्याय म्हणता येत नाही. तो केवळ राग होय. शिक्षेचा हेतू सुधारणा असेल, तर तोही येथे सफल होत नाही. पहाटे केलेल्या कृत्याबद्दल सकाळी दहा वाजता काठी खाल्लेले मांजर त्या दोहोंचा संबंध जोडू शकत नाही. ते फक्त माणसाला भिऊ लागते आणि घाण करावयास अंधारात येते.

मांजराचा अपराध नाही म्हणून घरधन्याची तक्रारही खोटी, असे मात्र नव्हे. शुचिता हा आपल्याकडे धर्माचाच एक भाग मानला आहे, आणि येथे तर आरोग्याचाही प्रश्न आहे. मांजराच्या विष्ठेतून ‘टॉक्सोप्लाझ्मा’ नावाचा एक सूक्ष्म परजीवी मातीत पसरू शकतो. निरोगी माणसाला त्याची बाधा झाली तरी बहुधा कळतही नाही. परंतु गर्भवती स्त्रीस ती प्रथमच झाली तर पोटातील बालकाला गंभीर इजा होऊ शकते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे त्यांनाही धोका संभवतो. प्रत्येक मांजर हा परजीवी सदैव बाहेर टाकीत असते असे नाही. लागण झाल्यानंतर साधारण एक-दोन आठवडे ते घडते. बाहेर पडलेले बीज लगेच रोगकारकही नसते. त्यास एक ते पाच दिवस लागतात. मात्र त्यानंतर ते ओलसर मातीत कित्येक महिने तग धरू शकते. यावरून दोन गोष्टी ठरतात. भीतीने गांगरून जाण्याचे कारण नाही, ही एक. आणि घाण रोजच्या रोज काढली पाहिजे, ही दुसरी. ते काम गर्भवतीने करू नये, करणाऱ्याने हातमोजे घालावेत, वाफ्यातील कोथिंबीर व तीर्थात घालावयाची तुळशीची पाने चांगली धुवून घ्यावीत. मातीत खेळणाऱ्या नातवंडांचे हात जेवणापूर्वी धुतले जातात की नाही, हे आजीने पाहावे.

तेव्हा एका बाजूस शुचिता आणि दुसऱ्या बाजूस अहिंसा, असा हा पेच आहे काय? आमच्या मते हा पेच मुळात नाही. आपल्या घाईमुळे तो निर्माण होतो. शुचिता पाहिजे, पण श्रम नकोत, खर्च नको, आणि फळ मात्र उद्याच पाहिजे, असे म्हटले की हिंसेवाचून दुसरा मार्ग दिसत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विस्तृत विवेचन आहे, त्यात हिंसा करून अहिंसा साधू पाहणाऱ्यांना ज्ञानदेवांनी एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. झाडाच्या फांद्या तोडाव्या आणि त्यांचेच कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याभोवती घालावे, तसे ते आहे. देवाच्या फुलांसाठी बाग, बागेसाठी बंदोबस्त, आणि बंदोबस्तासाठी एका जिवाचे हाल, हा क्रम त्या दृष्टांताहून निराळा नाही. ज्याच्या नावाने बाग राखावयाची, त्यालाच न आवडणारे कृत्य करून ती राखली, तर राखले काय?

आता लोक करतात ते उपाय एकेक तपासू. विष घालणे हा सर्वांत अधम उपाय. त्याने केवळ मांजर मरत नाही. ते अन्न कुत्रा खातो, कावळा खातो, विष खाऊन मेलेला उंदीर घुबड खाते, आणि प्रसंगी रांगते मूलही त्या पुडीशी जाते. आपल्याकडील जुन्या मंडळींत, मांजर मारणाऱ्याने सोन्याचे मांजर करून दान द्यावे, असा समज होता. सोने कोणी दिले न दिले, त्या समजामुळे उगारलेले कित्येक हात खाली आले असतील. आज कायदाही आहे. राज्यसभेच्या सदस्या असताना श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले. पुढे सरकारने तो विषय हाती घेऊन १९६० साली कायदा केला, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जनावराला मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु पोलिसांच्या भयाने जो हात आवरतो, तो भय संपताच पुन्हा उठतो. म्हणून कायद्यावर आमचा भर नाही.

पोत्यात घालून दूर सोडणे, हा उपाय पुष्कळांना सौम्य वाटतो. ‘मारले तर नाही ना?’ असे ते म्हणतात. मांजर हे आपल्या जागेला घट्ट बांधलेले जनावर आहे. अनोळखी मुलखात त्याला अन्नपाण्याची ठिकाणे माहीत नसतात, तेथील मांजरे त्याला टिकू देत नाहीत, आणि परतण्याच्या धडपडीत पुष्कळदा ते गाडीखाली सापडते. मांजरी असेल तर तिची पिले मागे कोठल्या तरी माळ्यावर डोळे न उघडलेल्या स्थितीत उपाशी मरतात. मांजरी आपल्या पिलाला तोंडात उचलून सुखरूप नेते, तसा भगवंत भक्ताला नेतो, हा मार्जारकिशोरन्याय आपण प्रवचनातून ऐकतो. ते ऐकून सद्गदित व्हावे आणि घरी येऊन त्याच आईला पिलांपासून तोडावे, यातील विसंगती निराळी सांगावयास नको. मनुस्मृतीने दांभिकाला बैडालव्रतिक, म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला, असे म्हटले आहे. या प्रसंगी ते विशेषण मांजरापेक्षा आपल्यालाच अधिक लागू पडेल! आणि इतके करून लाभ तरी काय? एक मांजर गेले की त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत लवकरच दुसरे येते.

डांबराच्या गोळ्या, फिनेल आणि तिखटाची पूड हे उपाय अज्ञानाने केले जातात. मांजर चाललेल्या जागेवरचे सर्व काही पंजे चाटून पोटात घेते. फिनेलसारखी द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार कमी असते, डांबराच्या गोळ्या त्यास विषासमान आहेत, आणि तिखट डोळ्यांत व जिभेवर गेले म्हणजे त्याचे जे होते ते आपल्या अनुभवावरून ताडता येईल.

मग करावे काय? आमचे म्हणणे एका सूत्रात सांगता येईल. दोघांच्या सहवासात अडचण उत्पन्न झाली असता, ज्याला समज आहे त्याने श्रम सोसावेत. ज्याला समज नाही त्याच्यावर वेदना लादू नये. घरात लहान मूल आणि समई असली तर आपण मुलाचा हात भाजू देत नाही. समई उंचावर ठेवतो. तोच न्याय येथे लावावा. मांजराला शासन करण्याऐवजी माती त्याच्या उपयोगाची राहू नये, अशी योजना करावी. त्याला अडविण्याचा अधिकार आपल्याला आहे, दुखविण्याचा नाही.

अशी योजना कठीण नाही. पेरणी झाल्यावर वाफ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी अंथरून तिच्यावर बोटभर माती पसरावी; रोपे छिद्रांतून वर येतात, पण पंजाला उकरता येत नाही. मोठ्या झाडांच्या आळ्यांत खडी, विटांचे तुकडे किंवा नारळाच्या करवंट्या पालथ्या मांडाव्यात. मांजराला कोरडी माती प्रिय असते, म्हणून संध्याकाळी वाफ्यांवर पाणी शिंपडावे. झाडे दाट लावावीत, मोकळी माती उरू देऊ नये. जेथे पूर्वी घाण झाली असेल तेथील दोन बोटे माती काढून टाकून नवी घालावी, कारण जुना वास त्याला पुन्हा त्याच जागी आणतो. घराचे बांधकाम चालू असेल तर वाळूचा ढीग ताडपत्रीने झाकावा. आणि याबरोबरच कुंपणाच्या एका कोपऱ्यात, वाऱ्यापावसापासून आडोसा असलेल्या ठिकाणी, चार पाट्या कोरडी वाळू मुद्दाम ठेवावी. सर्व दारे बंद करून एकही उघडे ठेवले नाही, तर तो जीव दुसऱ्याच्या बागेत जाईल आणि आपली पीडा शेजाऱ्याच्या गळ्यात पडेल. एक कोपरा दिला म्हणजे रोज एका खुरप्याचे काम उरते. ते आपण करावे.

येथे शेजाऱ्याचा विषय येतो, आणि तो मांजराहून नाजूक आहे. प्रत्येक आळीत एखाद्या वृद्ध बाई असतात, ज्या संध्याकाळी वाटीभर दूधभात घेऊन दारात उभ्या राहतात आणि सात-आठ मांजरे त्यांच्या पायांशी घोटाळतात. त्यांच्यावर चिडून जाणे सोपे आहे. परंतु त्या भुकेल्याला अन्न घालीत आहेत, आणि कदाचित दिवसभरात त्यांची वाट पाहणारे दुसरे कोणी उरलेलेही नसेल. तथापि अन्नदानाचा एक उत्तरार्ध आहे, तो त्यांना आदराने सांगितला पाहिजे. जो नित्य अन्न घालतो, त्याच्याकडे त्या जिवाचे अर्धे पालकत्व येते. त्याने खाणे ठरल्या वेळी व ठरल्या जागी द्यावे, उरलेले उचलावे, आणि त्यांची संख्या वाढत जाणार नाही याची काळजी घ्यावी. मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते; नऊ आठवड्यांत विते; एका वेळी तीन-चार पिले होतात. दूधभात वाढतो त्याहून खाणारी तोंडे वेगाने वाढतात, आणि त्यांतील कितीतरी पिले पावसाळ्यात डोळ्यांदेखत मरतात.

म्हणून पशुवैद्याकडून मांजरांची शस्त्रक्रिया करवून घेऊन त्यांना पुन्हा त्यांच्याच जागी सोडणे, हा मार्ग आज सर्वत्र सुचविला जातो. ‘जिवाच्या प्रजननात हात घालणे ही हिंसा नव्हे काय?’ असा आक्षेप काही सात्त्विक मंडळी घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ती एक प्रकारची सक्ती आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु माणसाने वस्ती वसविली, उकिरडे केले, दूधभात घातला आणि या जातीला आपल्या आश्रयाने वाढविले. तेव्हा आता निसर्गाच्या हवाली करतो असे म्हणणे म्हणजे आपण सुरू केलेल्या कामाचा शेवट पाहण्याचे नाकारणे होय. भूल देऊन एकदा केलेल्या शस्त्रक्रियेचा त्रास एका पारड्यात, आणि वर्षानुवर्षे जन्मून मरणारी पिले दुसऱ्यात घातली, तर आमचे मन पहिल्या पारड्याकडे झुकते. मात्र खर्च एकट्या वृद्ध बाईंवर टाकू नये. ज्यांच्या बागा आहेत त्या चार घरांनी वर्गणी काढावी. तक्रार घेऊन जाण्याऐवजी वर्गणी घेऊन गेलेला शेजारी परत येताना शत्रू होऊन येत नाही.

बंगालमध्ये षष्ठीदेवीच्या व्रताची एक कथा सांगतात. आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री जी पूजिली जाते तिचेच हे नाव, आणि मांजर हे तिचे वाहन. एका घरची धाकटी सून चोरून खात असे आणि आळ मांजरावर घाली. मांजराने देवीकडे दाद मागितली आणि सुनेची मुले एकामागून एक नाहीशी झाली. तिने चूक कबूल करून क्षमा मागितली तेव्हा ती परत मिळाली. कथेचे तात्पर्य आम्हांस असे दिसते की, जो बोलू शकत नाही त्याच्या माथी आपला दोष मारणे फार सोपे असते. उघडा उकिरडा, झाकण नसलेली कचराकुंडी, दारातले शिळे अन्न, सोडून दिलेली पाळीव पिले, ही सारी आपली कृत्ये. त्यांचे फळ वाफ्यात दिसले की नाव मात्र मांजराचे. ज्या आळीत कचरा झाकलेला असतो आणि अन्न उघड्यावर पडत नाही, तेथे मांजरांची गर्दीही बेताचीच राहते.

हे सर्व करूनही बाग शंभर टक्के स्वच्छ राहील, असे आश्वासन आम्ही देत नाही. एखाद्या सकाळी एखादा वाफा उकरलेला सापडेलच. तेवढा त्रास हा सहवासाचा कर समजावा. पावसाचे पाणी आपल्या घरावरून शेजाऱ्याकडे वाहते, त्याच्या आंब्याची पाने आपल्या अंगणात पडतात, आणि तिन्हीसांजेला दोन्ही घरांतल्या उंदरांचा बंदोबस्त तेच मांजर करते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. खुरपे घ्यावे, ढीग उचलून खोल पुरावा, हातपाय धुवावेत आणि मग फुलांची परडी उचलावी. दहा मिनिटांच्या या कामाने पूजेला उशीर होतो असे ज्यांना वाटेल, त्यांनी ती दहा मिनिटे पूजेतच धरावीत, अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे.